देवीचा विषाणू ठेवायचा की नष्ट करायचा?

आज कट्ट्यावर वाद पेटला. एक मित्र म्हणाला, दुःखामुळेच माणूस शहाणा होतो. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या आजीच्या दोन्ही गालांवर देवीचे खोल वण होते. त्या दुखण्याने तिला काय शिकवलं? शहाणपण आलं ते शोध घेणाऱ्यांना.

पण तो शोध तरी निष्पाप होता का? १७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्रज डॉक्टरने माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला गायीच्या देवीची लस टोचली आणि पुढे ती लागू पडली का हे बघायला मुद्दाम खऱ्या देवीचा पूही टोचून पाहिला. मूल वाचलं. नसतं वाचलं तर? आज कोणी असं केलं तर आपण त्याला तुरुंगात टाकू. आणि तरीही १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं, त्याची सुरुवात तिथेच आहे. चांगल्या शेवटाने तो धोका माफ होतो, असं मला वाटत नाही.

देवीचा विषाणू आजही अमेरिकेतल्या अटलांटा आणि रशियातल्या कोल्त्सोव्हो इथल्या प्रयोगशाळांत जपून ठेवलाय. माझं मत, नष्ट करा. मित्र म्हणतो, पुढे लस-औषधासाठी लागेल. शिवाय त्याच्याच कुळातला घोड्यांचा विषाणू कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी मागवलेल्या डीएनएच्या तुकड्यांतून तयार केलाय. म्हणजे कुप्या जाळल्या तरी ती विद्या उरणारच. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमचं मत काय?