आधी खिसा शिवला, मग पिस्तूल घेतलं

आबांचं रिव्हॉल्व्हर काडतुसं सोडून साधारण ७०० ग्रॅमचं आहे. कानपूरचं, थर्टी टू बोरचं (बोर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), तीन इंची नळी. पंचवीसएक वर्षं ते कमरेला बांधून आबा आमच्या पेट्रोल पंपावर गेले, वर सैल शर्ट असायचा, आणि गावात निम्म्या लोकांना माहीत असूनसुद्धा कधी कुणाला ते दिसलं नाही. आबांनी सत्तरी ओलांडली तेव्हा वारस म्हणून माझ्या नावावर लायसन करून घेतलं (नियमात ही सोय आहे, बऱ्याच जणांना माहीत नसते), आणि मग पहिल्याच दिवशी लक्षात आलं की बाईच्या कपड्यात हे हत्यार कुठं ठेवायचं याचा विचार कुणी केलेलाच नाही. सलवारीला पट्टा नसतो. जीन्सवर बांधलं तर चक्रीचा, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागाचा, उंचवटा कुर्त्यातून सरळ दिसतो, आणि गाडीवर बसलं की मूठ पोटात रुतते.

आमचा पंप कोल्हापुरातून निघणाऱ्या गगनबावडा रोडला, कळे गावाच्या अलीकडं. आता लोक म्हणतात सगळं फोनवरच पेमेंट होतं की, पण ऊस सुरू झाला की ट्रॅक्टरवाले, ट्रकवाले अजून रोखच देतात आणि पंप रात्री उशिरापर्यंत चालू असतो. मागच्याच्या मागच्या सीझनला रात्री साडेदहाला मी कॅश घेऊन निघाले, आणि पंपासमोर थांबलेली एक मोटरसायकल दोघं बसलेले तशीच माझ्या मागं लागली ती फुलेवाडीपर्यंत, मी हळू केलं की ते हळू, मी जोरात की ते जोरात. फुलेवाडीला माणसं होती, दुकानं उघडी होती, तिथं मी गाडी थांबवली आणि ते पुढं निघून गेले. झालं काहीच नाही. पण त्या रात्री रिव्हॉल्व्हर घरात कपाटात होतं, जड होतं म्हणून, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवस बांधून तिसऱ्या दिवशी कपाटात ठेवायचं असेल तर ते लायसन कशाला घेतलं मी? म्हणून ठरवलं, रोज जवळ बाळगता येईल असं लहान काहीतरी बघायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, पूर्वी तीन होती, म्हणजे माझ्याकडं एकच जागा शिल्लक, ती चुकवून चालणार नव्हती.

सगळ्यात आधी मावसभावाला फोन केला, तो टेक्सासला असतो. तिथं २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला, त्याला कायद्यानं मनाई नसेल तर, लायसनशिवायसुद्धा हँडगन जवळ बाळगता येते. तो रोज रुगर एलसीपी खिशात घालून ऑफिसला जातो, थ्री एटीचं, रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅमच्या आत. त्यानंच सांगितलं की केलटेकचं पी थर्टी टू म्हणून १९९९ पासून एक आहे, आपल्याकडं मिळतं त्याच थर्टी टू एसीपी काडतुसाचं, ते तर दोनशे ग्रॅमच्याही आत. मी दोन रात्री व्हिडिओ बघत बसले, आणि मग शांतपणे फोन बाजूला ठेवला, कारण ते इथं येणार नाही. नवीन परदेशी पिस्तूल आपल्यासारख्याला मागवता येत नाही, नाईन एमएम तर प्रोहिबिटेड बोर आहे, म्हणजे सामान्य माणसाला बंदी, त्याचं नावच काढायचं नाही. आपल्याला राहतं काय, तर थर्टी टूचं रिव्हॉल्व्हर, थर्टी टूचं पिस्तूल, ट्वेंटी टू, आणि जुनं कुणाकडंतरी पडलेलं ट्वेंटी फाइव्ह.

पण भावाचं एक वाक्य मी लक्षात ठेवलं. ताई, आधी खिसा ठरव, मग त्यात काय मावतं ते बघ. हे मला पटलं. राजारामपुरीत माझी टेलर आहे, तिच्याकडं गेले आणि पुठ्ठ्याचा तुकडा कापून नेला पिस्तुलाच्या मापाचा. तिनं विचारलं नाही कशाला. उजव्या बाजूला, शिलाईच्या थोडं पुढं, सात इंच खोल खिसा, आत दुहेरी मांजरपाट, तोंड किंचित तिरकं म्हणजे बसल्यावर उघडं पडत नाही. वरून कुर्त्याचा घेर. चार ड्रेसना असे खिसे शिवून घेतले आणि महिनाभर त्यात पाचशे ग्रॅमचं वजन घालून फिरले, म्हणजे चक्क तराजूचं वजन रुमालात बांधून. त्या महिन्यात जे कळलं ते दुकानात कळलं नसतं. चालताना वजन मांडीवर आपटतं, कापड पातळ असेल तर एका बाजूला ड्रेस ओढला जातो, आणि मोपेडवर बसलं की खिशाचं तोंड जिथं येतं तिथं हात सरळ जात नाही, ओणवं व्हावं लागतं. टेलरनं दोन खिसे उसवून परत शिवले.

पर्समध्ये का नाही, असं बहिणीनं विचारलं. पर्स हिसकावतात म्हणून. गळ्यातलं आणि खांद्यावरचं, चोर तेच ओढतो, मग पैशाबरोबर भरलेलं पिस्तूलसुद्धा त्याच्या हातात जाणार. शिवाय पर्स मी हॉटेलात खुर्चीला अडकवते, भाचरं त्यात चॉकलेट शोधतात. नाही म्हणजे नाहीच. २०१६ च्या शस्त्र नियमात पण हेच धरलंय, हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये (हत्याराच्या कव्हरात) नाहीतर पाठीवरच्या सॅकसारख्या पिशवीत असावी, पूर्ण झाकलेली असावी, आणि जो नेतोय त्याच्या ताब्यात असावी. म्हणजे लपवून बाळगणं ही आपल्याकडं हौस नाही, तोच नियम आहे. लग्नाच्या वरातीत कमरेला दाखवत फिरणारे आणि वर हवेत बार काढणारे बघितले की मला खरंच संताप येतो, त्याला आता दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि असायलाच पाहिजे.

आता हत्यारं. निर्भीक २०१४ ला आलं तेव्हा बायकांसाठी म्हणून खूप गाजलं होतं, पाचशे ग्रॅम, किंमत तेव्हाच १,२२,३६०. हातात घेतलं, छान बसतं. पण ते रिव्हॉल्व्हरच, सहा गोळ्यांची चक्री मध्ये फुगलेली, आणि माझ्या खिशात तो फुगवटा मला लपवता आला नाही. रिव्हॉल्व्हरचा मोठा फायदा मला मान्य आहे, पिस्तुलासारखी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, ओढायची भानगड नाही, चाप ओढला की चक्री फिरते, एखादी गोळी उडाली नाही तर परत ओढा, पुढची येते. ज्यांच्या हातात जोर कमी आहे त्यांनी तेच घ्यावं असं मी आजही सांगीन. निडर म्हणून अडीचशे ग्रॅमचं ट्वेंटी टूचं पण आहे, वजनाला त्याच्यासारखं काही नाही, पण ट्वेंटी टूच्या रिमफायर काडतुसावर (ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका बसतो ते) माझा तितका भरवसा बसला नाही. प्रबळ २०२३ ला आलं, त्याची चक्री बाजूला उघडते, भरायला सोपं, पण वजनाला परत सातशे ग्रॅम, म्हणजे आबांच्याच पंगतीत.

मग जुनी परदेशी. दुकानदार काकांनी दोन दाखवली, दोन्ही विकायला ठेवलेली. एक बेबी ब्राउनिंग, ट्वेंटी फाइव्हचं, खरं सांगते इतकी देखणी वस्तू मी हातात धरली नव्हती, तळहातात मावते, जेमतेम चार इंच. पण काकांकडंच त्याची काडतुसं नव्हती. ज्याची काडतुसं मिळत नाहीत ते पिस्तूल म्हणजे पेपरवेट. दुसरं वॉल्थर पीपीके, थर्टी टूचं, १९३१ पासूनचं मॉडेल, सात गोळ्या, सहाशेच्या आसपास ग्रॅम, चपटं. खिशात असं बसलं की जणू खिसा त्याच्यासाठीच शिवलाय. किंमत ऐकली आणि परत ठेवलं. आयात बंद झाल्यापासून जुन्या मालाचे भाव लाखांत गेलेत, आणि एवढे पैसे देऊनही स्प्रिंग तुटली तर सुटा पार्ट कुठून आणायचा?

शेवटी अशनी. आपल्याच सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं पिस्तूल, थर्टी टू एसीपी, नवंकोरं, चपटं. पीपीकेएवढं गुळगुळीत नाही, कडा थोड्या बोचतात. काकांनी मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची पेटी) काढलं, स्लाइड मागं ओढून चेंबर, म्हणजे नळीमागचं गोळीचं घर, रिकामं असल्याचं मला दाखवलं, माझ्याकडून करंगळी घालून बघायला लावलं, मग हातात दिलं. आणि माझ्याकडून स्लाइड ओढेना. दोनदा ओढली, अर्ध्यावर येऊन सुटली. लाज वाटली नाही पण काळजी वाटली. काका म्हणाले, ताई, लहान पिस्तुलाची स्प्रिंग मोठ्यापेक्षा कडक असते, उलटं वाटतं पण तसंच आहे. कारण या साध्या ब्लोबॅक पिस्तुलात गोळी सुटताना स्लाइडला अडवून धरणारं दुसरं काही नसतं, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढंच, आणि स्लाइड लहान म्हणजे सगळा भार स्प्रिंगवर. (भावाच्या पी थर्टी टूमध्ये नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकात अडकून मग सुटतात, म्हणून ते एवढं हलकं असूनही ओढायला सोपं.) मग त्यांनी पद्धत दाखवली. डाव्या हातानं वरून स्लाइड मुठीत गच्च धरायची, हात छातीजवळ, नळी समोर सुरक्षित बाजूला, आणि स्लाइड ओढायचीच नाही, उजव्या हातानं मूठ पुढं ढकलायची. खट्. एका झटक्यात. मी वीस वेळा केलं, अंगठ्याच्या खालच्या मांसाला वळ उठले, पण विसाव्यांदाही सुटली नाही तेव्हा म्हणलं हेच.

काडतुसं घेताना एक सांगते, कारण इथं चूक होते. बोलताना सगळे नुसतं थर्टी टू म्हणतात, पण रिव्हॉल्व्हरचं थर्टी टू एस अँड डब्ल्यू लाँग वेगळं आणि पिस्तुलाचं एसीपी वेगळं. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं, बुडाला पसरट कड. दुकानात मागताना पिस्तुलाचं की रिव्हॉल्व्हरचं हे स्पष्ट बोला आणि घरी दोन डबे दोन वेगळ्या कप्प्यात ठेवा, आमच्याकडं दोन्ही आहेत म्हणून मी डब्यावर लाल सुतळी बांधलीय. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर के एफ कोरलेलं असतं, ते बघून घ्या. आणि पिस्तुलाच्या काडतुसाला पण किंचित कड असते, मॅगझीन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागं गेली तर दोन्ही अडकतात आणि पिस्तूल ऐनवेळी जाम. प्रत्येक गोळी पुढून घालून मागं सरकवायची, वरची कड खालच्या कडेच्या पुढंच राहिली पाहिजे. माझं पहिलंच मॅगझीन असं अडकलं होतं, नशीब सरावात.

होल्स्टरचं काम सुभाषनगरच्या मामांनी केलं. ते चप्पल करतात, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं. खिशातलं होल्स्टर म्हणजे चाप पूर्ण झाकला पाहिजे, आणि पिस्तूल उपसताना कव्हर खिशातच राहिलं पाहिजे, म्हणून मामांनी बाहेरची बाजू खरखरीत ठेवली, मांजरपाटाला धरून बसते, आणि खालच्या कोपऱ्याला एक आकडा काढला. लाकडाचा ठोकळा पिस्तुलाच्या आकाराचा करून त्यावर ओलं कातडं ताणून वाळवलं, खरं पिस्तूल मी त्यांच्याकडं ठेवलं नाही. दीडशे वर्षं टिकतंय बघ, म्हणाले. त्या खिशात दुसरं काहीही जात नाही. किल्ली नाही, सुट्टे नाहीत, रुमालसुद्धा नाही. चेंबर रिकामं ठेवून फिरते, यावर भाऊ माझ्याशी भांडतो, पण पडलं तर काय या प्रश्नाचं मला पटेल असं उत्तर त्याच्याकडं नाही. आबासुद्धा सहाच्या चक्रीत पाचच भरायचे, घोड्याखालचं घर रिकामं.

सरावाचं म्हणाल तर या गावात नेमबाजी सगळ्यांना माहीत आहे, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, २०२४ ला स्वप्निल कुसाळे, पण ती मेडलची नेमबाजी वेगळी. माझ्या पिस्तुलाच्या नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या माशीत अंतरच इतकं कमी आहे की पंचवीस मीटरवर कागद लागला तरी खूप. मी पाच मीटर, सात मीटर एवढंच करते. घरी रिकाम्या पिस्तुलावर, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, फक्त खिशातून काढणं. उभं राहून, मग खुर्चीत बसून, मग पावसाळी कोट घालून. कोट घातल्यावर हात खिशापर्यंत पोचतच नव्हता, मग कोटाच्या शिलाईला चीर पाडली.

पाऊस हाच आमच्याकडचा खरा त्रास आहे. जूनपासून चार महिने त्या रोडला हवा ओली, कातडं पाणी धरून ठेवतं आणि आतल्या लोखंडाला गंज चढतो. पहिल्या जुलैत चार दिवस तसंच कव्हरात राहिलं आणि स्लाइडवर चिंचेच्या पाण्यासारखे तांबूस ठिपके आले. तेलाच्या फडक्यानं निघाले, पण तेव्हापासून रात्री घरी आलं की आधी मॅगझीन काढायचं, चेंबर बघायचं, पिस्तूल कव्हरातून बाहेर, पुसून, कुलपाच्या कपाटात, काडतुसं वेगळी. कव्हर खिडकीजवळ खिळ्याला. ड्रेस धुवायला टाकायच्या आधी खिसा दोनदा चाचपायचा. आबा आता रात्री जागेच असतात, आतून विचारतात, पुसलंस काय गं? पुसलं म्हणते, तरी उठून कपाटाचं कुलूप ओढून बघतात.