विंडोजच्या पार्टिशनवर ठेवलेली पॅकेजे डेबियनला दाखवताना : माझा अनुभव

ऐरोलीत आमच्या वसाहतीतील रहिवासी मिळून एक अभ्यासिका चालवतात. तिथल्या संगणकांवर विंडोज १० आहे आणि त्याची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी शेजारी डेबियन १२ ही लिनक्सवर आधारित मोफत कार्यप्रणाली बसवावी आणि विंडोज हिशेबाच्या कामापुरते ठेवावे, असे समितीने ठरवले. अभ्यासिकेत इंटरनेट नाही आणि कुणाच्या तरी फोनवरचा डेटा खर्चून लिब्रे ऑफिससारखी मोठी पॅकेजे, म्हणजे प्रोग्राम बसवण्याच्या तयार फायली, उतरवणे परवडणारे नव्हते. म्हणून घरच्या डेबियनवर पॅकेजे उतरवायची, पेन ड्राइव्हने ती विंडोजच्या डी ड्राइव्हवरील, म्हणजे डिस्कच्या त्या स्वतंत्र भागावरील (पार्टिशनवरील), एका फोल्डरमध्ये न्यायची आणि तो फोल्डरच एपीटीला, म्हणजे डेबियनमध्ये पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला, स्रोत म्हणून दाखवायचा, असा मार्ग मी निवडला. डी ड्राइव्ह निवडण्याचे कारण इतकेच की डेबियनच्या वाट्याला जागा बेताची आली होती आणि हिशेब पाहणारे काका विंडोजमध्ये असतानाही त्यात नव्या फायली टाकू शकत होते.

नुसता फोल्डर एपीटीला पुरत नाही. त्यात कोणती पॅकेजे आहेत, त्यांची आवृत्ती काय आणि ती कशावर अवलंबून आहेत, याची अनुक्रमणिका लागते. ती डीपीकेजी-स्कॅनपॅकेजेस हे साधन तयार करते. स्रोतांच्या यादीत मग त्या फोल्डरचा पत्ता द्यायचा आणि अनुक्रमणिकेवर डिजिटल स्वाक्षरी नसल्यामुळे 'ट्रस्टेड' हा पर्यायही जोडायचा. हा पर्याय एपीटीची पडताळणीच बाजूला सारतो, तेव्हा तो सरसकट वापरू नये असे माझे मत आहे. येथे तो स्वीकारला, कारण घरी उतरवताना प्रत्येक पॅकेज डेबियनच्या स्वाक्षरीच्या साखळीतून तपासले गेलेले होते.

पहिल्या दिवशी सर्व सुरळीत चालले. संगणक पुन्हा सुरू केल्यावर मात्र एपीटीने फोल्डरच सापडत नसल्याचे सांगितले. कारण साधे होते: फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर टिचकी मारली की तो त्या वापरकर्त्यापुरता माउंट होतो, म्हणजे वापरासाठी जोडला जातो; संगणक सुरू होताना आपोआप होत नाही. टिचकी मारून पाहिल्यावर दुसरा अडथळा आला, तो म्हणजे परवानगी नाकारल्याचा संदेश. एपीटी माहिती आणण्याचे काम 'अंडरस्कोर एपीटी' नावाच्या मर्यादित अधिकारांच्या वापरकर्त्याकडून करून घेते आणि मीडियाखालच्या ज्या फोल्डरात आपला ड्राइव्ह माउंट होतो, तिथे आपल्याखेरीज सामान्य वापरकर्त्याला प्रवेश नसतो. एकेका फाइलची परवानगी बदलूनही येथे उपयोग होत नाही. ड्राइव्हच्या 'न्यू व्हॉल्यूम' या नावातली मोकळी जागा हा आणखी एक उपद्रव होता, कारण स्रोतांच्या यादीत मोकळी जागा म्हणजे पत्ता संपल्याची खूण.

तिन्ही अडचणींवर उपाय एकच निघाला. पार्टिशनची कायमची ओळख असलेला यूयूआयडी क्रमांक पाहून एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, नोंद केली, नावात मोकळी जागा नसलेला स्वतंत्र माउंट बिंदू (ड्राइव्ह जिथे जोडला जातो तो फोल्डर) दिला, वाचण्याची मुभा सर्वांना राहील असा यूमास्क (परवानग्या ठरवणारा पर्याय) ठेवला आणि 'नोफेल' हा पर्याय जोडला. हा शेवटचा पर्याय विसरू नये. तो नसेल आणि पार्टिशन मिळाले नाही, तर डेबियन सुरू होताना वाट पाहून शेवटी आणीबाणीच्या स्थितीत अडकते.

खरा पेच यानंतरचा. काकांनी लिब्रे ऑफिसचा मराठी भाषा-संच फोल्डरमध्ये टाकला होता, फाइल डोळ्यांना दिसत होती, एपीटीच्या अद्यतनात एकही तक्रार नव्हती, तरी असे पॅकेज सापडत नाही हेच उत्तर येत होते. आधीची पॅकेजे मात्र त्याच फोल्डरमधून निमूटपणे बसत होती. संशय फाइलच्या नावावर गेला, कारण लिब्रे ऑफिसच्या आवृत्तीच्या आरंभी ४ आणि कोलन असतो आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. परंतु उतरवलेली पॅकेजे जिथे जमा होतात त्या एपीटीच्या साठ्यात कोलनच्या जागी टक्क्याचे चिन्ह घातलेला संकेत लिहिलेला असतो, त्यामुळे नाव शाबूत होते. अनुक्रमणिकेची तारीख पाहिली तेव्हा ती जुनीच निघाली. ती नव्याने करू गेलो, तर फाइल सिस्टिम केवळ वाचनासाठी असल्याचे उत्तर मिळाले. म्हणजे वाचन चालू, लेखन बंद आणि एपीटी आपले जुन्या यादीवरच समाधानी.

कर्नलचा (कार्यप्रणालीच्या गाभ्याचा) आणि माउंटचा लॉग, म्हणजे घडामोडींची नोंद, उघडल्यावर उलगडा झाला: विंडोजने पार्टिशनची माहिती स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवली असल्याने विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समध्ये जोडणाऱ्या एनटीएफएस-३जी चालकाने धोका न पत्करता ते केवळ वाचनापुरते जोडले होते. काकांना विचारले, तर ते म्हणाले, "अरे, मी रोज रीतसर शट डाउन करूनच कुलूप लावतो." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा बंद होत नाही, तो हायबरनेट होतो, म्हणजे त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. 'रीस्टार्ट' करताना मात्र तो पूर्ण बंद होतो. लोकांची समजूत नेमकी उलट असते. अशा पार्टिशनवर जबरदस्तीने लिहिण्याचे पर्याय आहेत, पण दुसऱ्याच्या हिशेबाच्या फायली ज्या ड्राइव्हवर आहेत, तिथे ते वापरणे मला पटले नाही. कंट्रोल पॅनेलमधील वीज-पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद केले, डिस्कमधील चुका तपासणारे चेकडिस्क चालवून घेतले आणि मगच डेबियनमध्ये परतलो. या वेळी अनुक्रमणिका लिहिली गेली आणि भाषा-संच बसला.

आता प्रत्येक संगणकावर एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, ठेवली आहे. पार्टिशन लिहिण्यायोग्य आहे की नाही हे ती आधी तपासते. नसेल तर अनुक्रमणिकेला हात न लावता 'विंडोज पूर्ण बंद करा' एवढे सांगून थांबते, आणि असेल तर अनुक्रमणिका नवी करून एपीटीचे अद्यतन चालवते. विंडोजचे मोठे अद्यतन आल्यावर फास्ट स्टार्टअप पुन्हा चालू झाले तरी कारण आता लगेच पडद्यावर दिसेल.