कोल्हापूर ९७३० मीटर उंचीवर

पहिल्यांदा उंचीची फाइल उघडली तेव्हा आमच्या स्टेशनची उंची ९७३० मीटर निघाली. एव्हरेस्ट ८८४८. पुतण्या शेजारी बसून शेंगा खात होता. म्हणाला, "काका, जोतिबाला जाताना आता ऑक्सिजनचा सिलिंडर न्यायला लागणार."

कोल्हापूर-मिरज लाइन ट्रेन सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या खेळात, बनवायची, हे खूळ लॉकडाउनमध्ये डोक्यात शिरलं. शिरोली एमआयडीसीतलं आमचं मशीन शॉप बंद होतं आणि घरात बसून हात शिवशिवत होते. ओपन रेल्स हा सिम्युलेटर फुकट आहे. २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या ट्रेन सिम्युलेटरचे रूट तो चालवतो, आणि नवा रूट बांधायला टीएसआरई नावाचा एडिटर मिळतो. लाइन जेमतेम पन्नास किलोमीटरची. गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, मिरज. वाटेत पंचगंगा आणि कृष्णा. घाट नाही, बोगदा नाही. दोन महिन्यांत उरकेल असं वाटलं होतं. नुसती जमीन बसवण्यातच वर्ष गेलं.

जमिनीची उंची येते कुठून, ते आधी सांगतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे स्पेस शटल ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्यातून ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढलेला, एक अँटेना शटलवर आणि दुसरा दांड्याच्या टोकाला. खालून परतणारी रडारची लाट दोघांना किंचित वेगळी मिळते, त्या फरकावरून जमिनीची उंची काढायची. उत्तरेला ६० अंशांपासून दक्षिणेला ५६ अंशांपर्यंतची बहुतेक जमीन त्यांनी अशी मोजली. याला एसआरटीएम म्हणतात. सगळा डेटा एक अंश बाय एक अंशाच्या तुकड्यांत मिळतो आणि तुकड्याला नाव त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचं. आमची अख्खी लाइन, कोल्हापूरपासून मिरजेपर्यंत, एन१६ई०७४ या एकाच फाइलीत बसते. हे नशीब! पश्चिमेला गगनबावड्याकडे गेलात की लगेच दुसरी फाइल, आणि तिथल्या कड्यांच्या सावलीत रडारला काही दिसलंच नाही अशी भोकं. भोकाच्या जागी उणे ३२७६८ हा आकडा भरलेला असतो. तो तसाच राहिला तर सिम्युलेटरमध्ये पाताळापर्यंत विहीर तयार होते.

आता त्या ९७३० ची गंमत. फाइलीत बाकी काही नाही, नुसते आकडे. ३६०१ ओळी, प्रत्येक ओळीत ३६०१ उंच्या, वरून म्हणजे उत्तरेकडून सुरुवात. एका उंचीला दोन बाइट. त्यातला मोठा बाइट आधी लिहिलेला असतो, आणि आपले कॉम्प्युटर सहसा लहान बाइट आधी वाचतात. मी घाईत लिहिलेल्या चार ओळींच्या प्रोग्रॅमनं तेच केलं. ५५० मीटर म्हणजे २ गुणिले २५६ अधिक ३८. उलटं वाचलं की ३८ गुणिले २५६ अधिक २, म्हणजे ९७३०. शेजारचा ५५१ मीटरचा बिंदू लगेच ९९८६. एक मीटरचा चढ २५६ मीटरचा झाला! आणि दोन बाइटांत ३२७६७ च्या वरचा आकडा उणे धरला जातो, म्हणून ६४० मीटरवरचा एखादा माळ थेट उणे ३२७६६ वर. हातकणंगल्याच्या बाजूचे डोंगर मला खड्डे म्हणून दिसत होते, ते यामुळं. एक अक्षर बदललं आणि कोल्हापूर साडेपाचशेच्या आसपास जाग्यावर आलं. पुतण्याला मात्र पहिलंच आवडलं होतं.

उंची बरोबर आली म्हणून जमीन बरोबर आली असं नाही. डेटातले दोन बिंदू साधारण ३० मीटरवर असतात. आपल्या अक्षांशावर नीट हिशोब केला तर उत्तर-दक्षिण सुमारे ३१ आणि पूर्व-पश्चिम साडेएकोणतीस. सिम्युलेटरची जमीन २०४८ मीटरच्या चौकोनांची, प्रत्येक चौकोनात २५६ बाय २५६ बिंदू, म्हणजे दर ८ मीटरला एक. मधले बिंदू एडिटर अंदाजानं भरतो. साडीवरचा डाग झाकायला वर नक्षी काढावी तसा प्रकार. दिसतं छान, माहिती तेवढीच.

त्यात हा डेटा पूर्ण मीटरमध्ये. ५५१, नाहीतर ५५२. मधलं काही नाही. डोंगरात हे कळतही नाही. वळिवड्यापासून रुकडीपर्यंतच्या सपाट रानात मात्र जमीन पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, जशी काही नाल्याकाठी बांधबंदिस्ती केली आहे. मी शहाणपणा करून क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये सगळं गुळगुळीत केलं, अपूर्णांकात, फार देखणं झालं. मग परत एचजीटी, म्हणजे मूळ डेटाच्याच प्रकारची, फाइल म्हणून साठवलं. ती फाइल पूर्ण मीटरच साठवते. पायऱ्या परत हजर. एक रविवार फुकट गेला. शेवटी मऊ करायचं काम एडिटरमध्ये जमीन बसवल्यानंतर ब्रशनं केलं, तुकडा तुकडा, कारण सिम्युलेटरच्या स्वतःच्या फाइलीत मीटरपेक्षा बारीक उंची मावते.

आणि रडारला जमीन दिसत नाही, जमिनीवर जे उभं आहे त्याचा बराचसा वरचा भाग दिसतो. झाडं, घरं, आणि आमच्याकडे ऊस. फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम. निम्मी रानं तुटलेली, निम्मी उभी. माझ्या मनात आलं की हे शेताशेतातले उंचवटे म्हणजे २००० सालचा उभा ऊसच. पुतण्याला मी मोठ्या ऐटीत दाखवलं सुद्धा, की बघ, हा फड तेव्हा तुटला नव्हता. नंतर वाचलं की या मोजणीची चूक १६ मीटरच्या आत राहावी एवढंच त्यांचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात ती बरीच कमी निघते, पण तीन मीटरचा ऊस त्या गोंगाटात ओळखणं म्हणजे यात्रेत कुजबुज ऐकण्यासारखं. पुतण्याला अजून सांगितलेलं नाही.

खरा फटका पुढं बसला. हातकणंगल्यापासून मिरजेपर्यंतचा भाग मला फार ओबडधोबड वाटत होता. इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाचाही ३० मीटरचा डेटा त्यांच्या भुवन या नकाशांच्या वेबसाइटवर मिळतो. तो रडारवरून केलेला नाही, दोन कोनांतून घेतलेल्या फोटोंवरून केलेला आहे. तो आणला आणि हातकणंगल्यापुढं चिकटवला. गाडी सोडली. हातकणंगलं सुटलं आणि समोर जमीनच नाही. रूळ हवेत आणि खाली खडीच्या खाणीसारखा सरळ कडा, साठ मीटरहून खोल. जयसिंगपूर, कृष्णा, मिरज, सगळं त्या खाणीच्या तळाशी नीट नांदत होतं.

दोन दिवस मी त्या डेटाला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी कामावर सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या सपाट पाटावर, एक जॉब तपासत होतो. नवीन पोऱ्यानं उंची मोजायचा हाइट गेज आणून दिला आणि आकडा वाचून दाखवला. मी सवयीनं विचारलं, "झिरो कुठं मारलास?" विचारलं आणि तिथंच थांबलो. प्लेटवर झिरो केला की जॉबच्या खालच्या फेसवर, यावर सगळं अवलंबून. आकडा दोन्ही वेळा खरा असतो.

तेच झालं होतं. एसआरटीएमची उंची समुद्रसपाटीपासून आहे, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणानं समुद्र जिथं स्थिरावेल त्या वेड्यावाकड्या पृष्ठभागापासून. कार्टोसॅटची उंची एका गुळगुळीत, गणितातल्या लंबगोलापासून. दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसत नाहीत. आणि भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात तर समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली दबलेली आहे, जगात सगळ्यात खोल खळगा तिथं. आपण त्या खळग्याच्या उतारावर राहतो. म्हणून आमच्या भागात दोन डेटांत साठ मीटरहून जास्त फरक. त्या वेड्यावाकड्या पृष्ठभागाची, म्हणजे जीऑइडची, फाइल घेऊन जीडॅल नावाच्या प्रोग्रॅमनं तेवढी बेरीज केली, आणि खाण बुजली. शिवणीवर दोन-तीन मीटरची चढउतार राहिली, ती हातानं घासली.

खरं तर कोल्हापूरकराला हे शिकवायला लागू नये. पावसाळ्यात आम्ही सकाळी उठून पहिला प्रश्न विचारतो, राजाराम बंधाऱ्यावर किती फूट? ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे ४३ फूट काही समुद्रापासून नाहीत, बंधाऱ्यावरच्या पट्टीच्या शून्यापासून आहेत. ते सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलून दाखवत नाही. पण स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती मी लहानपणापासून वाचत आलोय, आणि 'समुद्र कुठला?' असं कधी मनात आलं नव्हतं.

त्या पाट्या पुढं फार उपयोगी पडल्या. रूळ डेटावर टाकायचे नसतात. शेजारच्या दोन बिंदूंत तीन मीटरचा फरक आला तर ३० मीटरला तीन मीटर म्हणजे १० ला १ चढ झाला. खंडाळ्याच्या घाटात चढ ३७ ला १ आहे आणि तिथं मागून इंजिनं लावतात. डेटाचं ऐकलं असतं तर गूळ मार्केटपाशीच बँकर, म्हणजे तसं मागून ढकलणारं इंजिन, लावायला लागलं असतं. म्हणून उलटं करायचं. प्रत्येक स्टेशनच्या पाटीवरची उंची खरी धरायची, मध्ये सौम्य चढ देत रूळ टाकायचे, आणि मग जमिनीला रुळापाशी यायला लावायचं. एडिटर भराव आणि खोदकाम आपोआप करतो. रुळाशेजारचे, चढउतार लिहिलेले खांब बघायला मी दोन सुट्ट्या मिरज पॅसेंजरच्या दारात उभा राहून घालवल्या. अर्धे वाचता आले, उरलेले वेगात गेले. तिकीट तपासणाऱ्यानं विचारलं, काय लिहिताय? म्हटलं, चढ. त्यानं पुढं काही विचारलं नाही.

सगळं जमत आलं आणि रुकडीचा पूल अडला. डेटात पंचगंगेचं पात्र नीट सापडेना. एसआरटीएम तयार करताना १८३ मीटरहून रुंद नद्याच वेगळ्या आखून त्यांचा उतार नीट केला आहे, आणि ६०० मीटरहून लांब तळी सपाट केली आहेत. रंकाळा त्यामुळं आरशासारखा आला. पंचगंगा तेवढी रुंद नाही, तिला कुणी हात लावला नाही. दोन्ही काठची झाडं आणि मधलं पाणी मिळून एक ओबडधोबड चर उरला होता. एक काठ दुसऱ्यापेक्षा चार मीटर उंच. खरं काय? सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतरानं. अशा सपाटीत त्यांचा काय उपयोग!

मामांचं रान रुकडीला, नदीच्या अंगाला. लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"ही नदी?"

"होय."

"आणि ह्यो काठ वर कसा रं?"

"डेटात तसं आहे, मामा. अवकाशातून मोजलंय."

"त्यांला म्हणावं महापुरात येऊन बघा." मग त्यांनी बोट उचललं. "एकोणीस सालात पाणी आलं तवा आमच्या गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं. आन पल्याड, त्या देवळाच्या तिसऱ्या पायरीला. तुमच्या ह्यात गोठा खाली आन देऊळ वर. मग पाणी काय डोंगर चढून गेलं व्हय?"

मी गप्प. गवंडी दोन भिंती एका पातळीत आणायला पाण्याची नळी धरतात, दोन्ही टोकांना पाणी सारखं. महापुराचं पाणीही थोड्या अंतरात, नदीला आडवं, तसंच सपाट असतं. मामांनी मला अडीच किलोमीटरची लेव्हल ट्यूब आयती दिली होती. त्या दिवशी आम्ही नदीच्या अलीकडच्या सहा जागा वहीत घेतल्या, पलीकडच्या पाच. २०१९ ची खूण कुठं, २०२१ ची कुठं. दोन ठिकाणी मामांचं आणि शेजाऱ्यांचं पटेना, त्या सोडून दिल्या. उरलेल्या सगळ्या एका पातळीवर आणल्या, आणि पुलाच्या दोन्ही बाजूंचा भराव आपोआप सारखा बसला. पूल सरळ झाला. डिझेल इंजिन आणि आठ डबे घेऊन मी पहिल्यांदा न अडखळता रुकडीत शिरलो.

पुढच्या खेपेला मामांना ते दाखवलं. गाडी पुलावरून गेली, त्यांनी गाडीकडं बघितलंही नाही.

"माझी मोटार कुठाय?"

नदीकाठची पाण्याच्या मोटारीची खोली मी केलीच नव्हती. त्याच रात्री केली, पत्र्याच्या छपरासकट. ती अजून जमिनीपासून फूटभर वर तरंगते आणि का, ते मला सापडलेलं नाही. कृष्णेचा पूल तर अजून सुरूच केलेला नाही. तिकडं माझे मामा नाहीत.