काट्याचा कॉम्प्युटर आणि सिरियल पोर्ट

कापसाचा सीझन तोंडावर आहे. आज वणीकडच्या एका जिनिंगवर (कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना) धरमकाट्याच्या नवीन डेस्कटॉपमध्ये सिरियल कार्ड बसवलं. नव्या मदरबोर्डला मागे ९ पिनचं सिरियल पोर्ट बहुधा नसतंच, आणि काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) तर वजन त्याच पोर्टातून पाठवतो.

घेताना मदरबोर्डावरच्या छोट्या स्लॉटात बसणारं पीसीआय एक्सप्रेस एक्स१ कार्डच घ्या, जुन्या पद्धतीचं पीसीआय कार्ड या स्लॉटात बसत नाही. कॅबिनेट बारकं असेल तर कार्ड मागे कसायची आखूड पट्टी सोबत आहे का ते दुकानातच पाहून घ्या. वायर काढा, पॉवर बटण एकदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, पत्र्याला हात लावा, मगच कार्ड धरा. कार्ड सरळ दाबायचं अन् स्क्रू कसायचाच; नाहीतर केबल ओढली की कार्ड तिरपं होते.

खरी अडचण पुढे येते. ड्रायव्हर टाकल्यावर विंडोज पोर्टाला कॉम ५ असा काहीही नंबर देते. काट्याची बरीच जुनी सॉफ्टवेअरं कॉम ४ च्या पुढे पाहतच नाहीत. डिव्हाइस मॅनेजर, पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन रिकामा कॉम १ द्या.

वजनाऐवजी कचरा अक्षरं दिसली तर बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग), पॅरिटी (डेटातली चूक ओळखायची सेटिंग) इंडिकेटरशी जुळवा. काहीच येत नसेल तर केबल काढून कार्डाच्या २ अन् ३ नंबर पिना जोडा. टर्मिनल प्रोग्रॅममध्ये (पोर्टावर अक्षरं पाठवून पाहायचं सॉफ्टवेअर) टाइप केलेलं परत दिसलं म्हणजे कार्ड चांगलं, दोष केबलीत किंवा इंडिकेटरमध्ये. बहुतेकदा केबलीतल्या २-३ नंबर पिना उलटसुलट जोडलेल्या निघतात.

वीज कडाडली की केबल काढून ठेवत जा, भाऊ.