घरच्या लिनक्सवर मेल: थंडरबर्ड लावायचा तर नीट लावा

महावितरणचं बिल, महानगर गॅसचं बिल, ठाणे महापालिकेचा मालमत्ता कर, सोसायटीची मेंटेनन्सची पावती आणि बँकेची स्टेटमेंटं. ठाण्यातल्या कुठल्याही घराच्या इनबॉक्सात जपून ठेवण्यासारखं साधारण एवढंच असतं, बाकी सगळी जाहिरात. मांडणी या पाच-सहा गोष्टींसाठीच करायची.

मिंट या लिनक्सच्या प्रकारात थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम बहुधा आधीच असतो. खातं जोडताना आयमॅप निवडा, म्हणजे मेल सर्व्हरवर (मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवर) राहते आणि सगळीकडे तीच दिसते. मोबाइलवरही तीच मेल वाचत असाल तर पॉपच्या, म्हणजे मेल एकाच कॉम्प्युटरवर उतरवून घेणाऱ्या पद्धतीच्या, वाटेला जाऊ नका. जीमेलसाठी येणारी मेल पोर्ट (मेलच्या ये-जा करण्याच्या दाराचा क्रमांक) ९९३ वर एसएसएलने (सुरुवातीपासूनच सुरक्षित जोडणीने) आणि जाणारी ४६५ वर. ५८७ घेतलात तर तिथे स्टार्टटीएलएस (आधी साधी, मग सुरक्षित होणारी जोडणी) निवडायला लागतं; पोर्ट एक आणि सुरक्षा दुसरीच, अशी जोडी लावली की मेल येते पण जात नाही. लॉगिनची पद्धत ओऑथ-२ (गूगलच्याच पानावर लॉगिन करून परवानगी देणं) ठेवा. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डवर चालणारं लॉगिन बंद केलंय, त्यामुळे जुनी माहिती वाचून पासवर्ड टाकत बसलात तर तो बरोबर असूनही नाकारला जाईल.

आता खात्याच्या सेटिंगमधलं सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेजचं पान. डिस्क लहान असेल तर इथे ‘अलीकडचे सहा महिने’ एवढंच उतरवायला सांगा. जुनी मेल सर्व्हरवर राहते. पण त्याच पानावर खाली जुने मेसेज डिलीट करण्याचा पर्याय आहे, आणि तो दिसायला अगदी जागा वाचवणाराच वाटतो. आयमॅपमध्ये तो सर्व्हरवरची मूळ मेलही कायमची उडवतो. त्याला हात लावू नका. जीमेलचं ‘ऑल मेल’ फोल्डर (यात सगळीच मेल पुन्हा दिसते) मात्र सबस्क्राइबच्या, म्हणजे थंडरबर्डमध्ये दाखवायच्या फोल्डरांच्या, यादीतून काढून टाकलेलं बरं, नाहीतर शोधताना एकच बिल दोनदा दिसतं.

फिल्टर (मेल आपोआप योग्य जागी टाकणारे नियम) थंडरबर्डमध्ये करण्यापेक्षा जीमेलच्या वेबसाइटवर करावेत. थंडरबर्डचा फिल्टर कॉम्प्युटर चालू असेल तेव्हाच चालतो. तोवर मोबाइलवर ढीग तसाच. बिलांचा फिल्टर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर लावा. सोसायटीच्या बाबतीत ते टिकत नाही, कारण कमिटी बदलली की सेक्रेटरींचा आयडी बदलतो. तिथे विषयात सोसायटीचं नाव शोधणारा फिल्टर ठेवा.

फोल्डर कमीच. बिलं, बँक, सोसायटी, बस्स. जुनी मेल ‘ए’ दाबून अर्काइव्हमध्ये जाते, पण मूळ सेटिंग कॅलेंडर वर्षाचं असतं आणि आपल्याला रिटर्न भरताना एप्रिल ते मार्च लागतं. म्हणून कॉपीज अँड फोल्डर्समध्ये अर्काइव्ह महिन्यानुसार करा आणि जागा ‘लोकल फोल्डर्स’ द्या. मग मात्र ती मेल मोबाइलवर दिसणार नाही आणि तिचा बॅकअप ही आपली जबाबदारी.

बॅकअप म्हणजे होम फोल्डरमधलं लपलेलं थंडरबर्डचं फोल्डर; कंट्रोल-एच दाबलं की दिसतं. उबंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर थंडरबर्ड स्नॅपचा (उबंटूच्या वेगळ्या पॅकेज पद्धतीचा) असतो, तिथे ते होममधल्या ‘स्नॅप’ फोल्डरच्या आत सापडतं. आधी थंडरबर्ड बंद करा, मगच कॉपी करा. पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही, आणि थंडरबर्ड साधारणपणे एका फोल्डरची सगळी मेल एकाच फाइलमध्ये ठेवतो. ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. या फोल्डरात साठवलेले पासवर्डही असतात, तेव्हा प्रायमरी पासवर्ड (त्या पासवर्डांना कुलूप लावणारा) लावल्याशिवाय तो पेनड्राइव्ह कोणाच्या हाती देऊ नका.

शुक्रवारी देखभालीसाठी लाईट जायची शक्यता असेल आणि यूपीएस नसेल, तर फोल्डर कॉम्पॅक्ट करायला (डिलीट केलेल्या मेलची जागा मोकळी करायला) घेऊ नका. मध्येच लाईट गेली तर यादी बिघडते: विषय एक दिसतो, उघडलं की मेल दुसरीच. तसं झालंच तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. यादी नव्याने बनते. मोठ्या फोल्डरला थोडा वेळ लागतो, तेवढा द्या.