तवसाळची पेटी जयगडला कशी जाते

गेल्या चैत्रात आंब्याच्या पेट्यांचा हिशोब डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे रिपोर्टसाठी सगळ्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या साठ्यात, बसवायचं काम माझ्याकडे आलं. फॅक्ट टेबलातली, म्हणजे मोजलेल्या आकड्यांच्या मुख्य तक्त्यातली, एक ओळ म्हणजे एका बागेतून एका दिवशी उचललेल्या पेट्या. भोवती तारीख, बाग आणि संकलन केंद्र यांच्या माहितीची टेबलं. प्रत्येक बागेचा मोबाइलवर टिपलेला बिंदू.

पहिल्याच लोडला आमचा गुहागर तालुका नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात! नकाशाचा डेटा सांभाळणाऱ्या पोस्टजीआयएसला रेखांश आधी लागतो, मी अक्षांश आधी दिला होता. मग बागांचं क्षेत्रफळ वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या सपाट मांडणीत, मोजलं, ते जवळपास १० टक्के जास्त आलं. काका म्हणाले, "अगं, एवढी जमीन सातबाऱ्यावर असती तर भाऊबंदकी झालीच नसती." आपल्या पट्ट्यासाठीची मांडणी यूटीएम ४३ उत्तर (तिचा कोड ईपीएसजी ३२६४३) घेतल्यावर आकडे जमिनीवर आले.

खरी गंमत पुढे. 'सर्वात जवळचं केंद्र' मी क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातच, सरळ रेषेत मोजत होते. तवसाळच्या बागांना उत्तर आलं जयगड. नकाशावर समोरच तर दिसतं! मध्ये शास्त्री नदीची खाडी आहे, हे त्या रेषेला कुठून कळणार? टेम्पोवाल्या दादांचा फोन आला, "ताई, फेरीबोट चुकली तर पेट्या पोहत नेऊ काय?"

तेव्हा क्वेरीतलं अंतर काढून टाकलं आणि बाग-केंद्र जोड्यांचं वेगळं टेबल केलं: रस्त्याने किती मिनिटं, वाटेत फेरी आहे का, आणि ही नोंद कधीपासून कधीपर्यंत खरी. तारखा हव्यातच, उद्या पूल झाला तर जुन्या हंगामाचा खर्च बदलता कामा नये. गावांच्या सीमांनाही तोच नियम लावला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, म्हणून २०१३ चा डहाणूचा माल ठाण्यातून उचलून तिकडे टाकायचा नसतो. कुठली बाग कुठल्या गावात, हेही लोड करतानाच ठरवून त्या गावाची किल्ली, म्हणजे ओळख क्रमांक, साठवते. रिपोर्ट उघडताना दरवेळी गावाच्या सीमेच्या बहुभुजात बागेचा बिंदू शोधत बसलं की चहा गार होतो.

सगळं झाल्यावर काकांनी रिपोर्ट बघायला मागितला. त्यांचीच बाग नाही! खाडीच्या काठावरची, सीमेचा नकाशा ढोबळ, त्यामुळे बिंदू पाण्यात पडला आणि जोडी न सापडलेल्या ओळी टाकून देणाऱ्या इनर जॉइनने गुपचूप गाळला. आता जोडी नसली तरी बाग ठेवणारा लेफ्ट जॉइन आहे, आणि गाव न सापडलेल्या बागांची यादी रोज सकाळी मला येते. काल त्यात काका नव्हते.