लिनक्सवर वाइडवाइन उतरते, पण लोड होत नाही तेव्हा

लिनक्सवर फायरफॉक्स ब्राउझरमधले वाइडवाइन हे व्हिडिओचे प्लगइन (ब्राउझरला जोडला जाणारा पूरक भाग) लोड होत नसेल, तर नेटवर सर्वांत आधी सल्ला मिळतो तो ब्राउझर काढून पुन्हा टाकण्याचा. हा सल्ला मला मुळीच पटत नाही. बिघाड ब्राउझरबाहेर असेल तर नव्याने टाकलेला ब्राउझरही त्याच जागी अडतो, आणि या खटाटोपात प्रोफाइल (वापरकर्त्याच्या ब्राउझर-सेटिंग्जचे फोल्डर) पुसले गेले तर तपासण्यासारखे काही हातात उरत नाही. प्लगइन उतरलेच नाही, की उतरले पण सुरू होत नाही, एवढे आधी ठरवले तरी निम्मे काम होते.

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या एका स्नेह्यांची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तिथे दिवसभर बसतात आणि त्यांच्यासाठी ठेवलेल्या, लिनक्स मिंट असलेल्या संगणकांची देखभाल मी पाहतो. त्यांतल्या एका संगणकाबद्दल एका विद्यार्थिनीने सांगितले, "दादा, यूट्यूब चालतंय, पण क्लासचं लेक्चर लावलं की नुसता काळा चौकोन दिसतो." तक्रार इतकी नेमकी असली की शोधाची दिशा तिच्यातच मिळते.

यूट्यूबवरचे साधे व्हिडिओ उलगडायला फायरफॉक्स स्वतःजवळचे आणि प्रणालीतले कोडेक वापरतो. क्लासची लेक्चर्स मात्र डीआरएमने (नक्कल रोखणाऱ्या तांत्रिक संरक्षणाने) कुलूपबंद असतात आणि ते कुलूप उघडायला गूगलचे वाइडवाइन हे बंदिस्त प्लगइन लागते. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये ही सोय २०१६ मध्ये, ४९ व्या आवृत्तीपासून आली. फ्लॅशच्या काळातल्या प्लगइनांशी तिचा संबंध नाही. एनपीएपीआय या त्या जुन्या पद्धतीच्या प्लगइनांपैकी फ्लॅशखेरीज सगळी फायरफॉक्सने २०१७ मध्ये बंद केले आणि २०२१ च्या जानेवारीत फ्लॅशही गेले. त्यामुळे अमुक फाइल मोझिलाच्या प्लगइन फोल्डरमध्ये टाका, असे सांगणारे जुने लेख आता निरुपयोगी आहेत, तरी शोधयंत्रे ते अजून दाखवतात.

सेटिंग्जमध्ये डीआरएम सामग्री चालवण्याची परवानगी दिलेली होती. अ‍ॅड-ऑनच्या पानावर प्लगइन्स या विभागात वाइडवाइनचे नाव आणि आवृत्ती दोन्ही दिसत होती. अबाउट:सपोर्ट या पानावरून प्रोफाइलचे फोल्डर उघडले, तेव्हा वाइडवाइनच्या उपफोल्डरमध्ये लिबवाइडवाइनसीडीएम नावाची एसओ फाइल (प्लगइनचा मूळ कोड) आणि तिची माहिती देणारी मॅनिफेस्ट फाइलही होती. म्हणजे नेटवर्क, प्रॉक्सी आणि डाउनलोड यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरले नाही.

पुढचा प्रश्न असा, की ही फाइल स्मृतीत चढते का. त्यासाठी टर्मिनलमध्ये एलडीडी ही आज्ञा त्या फाइलवर चालवली. फाइलला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची, म्हणजे तयार कोडच्या फाइलींची, यादी ती देते. एखादी लायब्ररी कमी असती तर तिच्या नावापुढे ती सापडली नसल्याची नोंद आली असती. इथे यादीच आली नाही. फाइलचा भाग स्मृतीत मांडता आला नाही, एवढीच चूक छापून आली. तीच फाइल प्रणालीच्या डिस्कवरच्या युजर-लोकल फोल्डरमध्ये नक्कल करून पुन्हा एलडीडी चालवल्यावर संपूर्ण यादी दिसली आणि एकही लायब्ररी गहाळ नव्हती. फाइल निर्दोष होती. दोष ती जिथे ठेवली होती त्या जागेत होता.

या संगणकाचे होम, म्हणजे वापरकर्त्याच्या फाइलींचे फोल्डर, वेगळ्या डिस्कवर आहे. ती डिस्क कोणत्या पर्यायांसह माउंट झाली, म्हणजे प्रणालीला जोडली गेली, ते फाइंडएमएनटी या आज्ञेने पाहिले, तर त्यांत नोएक्झेक हा शब्द होता. हा पर्याय असलेल्या डिस्कवरची कोणतीही फाइल चालवण्याच्या परवानगीसह स्मृतीत मांडायला कर्नल (प्रणालीचा गाभा) नकार देतो. फायरफॉक्स आणि कोडेक प्रणालीच्या डिस्कवर असल्यामुळे त्यांना याची झळ लागत नाही. वाइडवाइन मात्र वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे होममध्येच उतरते, आणि म्हणून बाकी सगळे सुरळीत चालत असताना तेवढेच अडते. अशा वेळी फाइलला सरसकट सगळ्या परवानग्या देण्याचा सल्लाही पुष्कळ जण देतात. त्याने काहीही साधत नाही, कारण अडवणूक फाइलच्या परवानगीची नसून डिस्कच्या माउंटची असते.

गोंधळात टाकणारी गोष्ट पुढेच होती. कोणती डिस्क कुठे आणि कशी माउंट करायची ते लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये नोएक्झेक हा शब्द कुठेही लिहिलेला नव्हता. त्या ओळीत फक्त डिफॉल्ट्स आणि त्यानंतर युझर्स असे दोन पर्याय होते. डिस्क कोणालाही माउंट करता यावी म्हणून पूर्वी कोणीतरी युझर्स लिहिले असावे. पण युझर किंवा युझर्स या पर्यायात नोएक्झेक, नोसुइड आणि नोडेव्ह हे तिन्ही निर्बंध आपोआप येतात, आणि तो डिफॉल्ट्सच्या नंतर असल्यामुळे डिफॉल्ट्समधली एक्झेकची, म्हणजे फाइल चालवण्याची, मुभा रद्द होते. म्हणून माउंटची चौकशी करताना एफएसटॅब वाचून थांबू नये. प्रत्यक्षात लागू झालेले पर्याय फाइंडएमएनटीच दाखवते.

कायम बसवलेल्या डिस्कला युझर्सची गरजच नसते, म्हणून तो शब्द काढला. तो ठेवणे भागच असेल तर त्याच्यानंतर एक्झेक लिहावे. क्रम इथे महत्त्वाचा आहे. त्यानंतर होम एक्झेकसह रीमाउंट करून फायरफॉक्स पूर्ण बंद केला आणि पुन्हा उघडला. लेक्चर लगेच सुरू झाले.

नोएक्झेक सुरक्षिततेसाठी हेतुपुरस्सर लावलेले असेल, तर मात्र ते डोळे झाकून काढू नये. सामायिक संगणकावर त्याचा थोडाफार उपयोग असतो, जरी बॅश किंवा पायथनला वाचायला दिलेली स्क्रिप्ट त्याने थांबत नाही. तिथे वाइडवाइनचे फोल्डर प्रणालीच्या डिस्कवर ठेवून मोझ-जीएमपी-पाथ या एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगमध्ये) त्याचा पत्ता देण्याचा मार्ग आहे. मात्र मग नवी आवृत्ती आली की ती तिथे आपल्यालाच नेऊन ठेवावी लागते.

लेक्चर सुरू झाल्यावर चित्र जरा पुसट आहे, असे त्याच मुलीच्या लक्षात आले. ते या दुरुस्तीमुळे नाही. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये वाइडवाइन एल-थ्री या, केवळ सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या पातळीवर काम करते, आणि काही सेवा त्या पातळीला वरच्या दर्जाचे चित्र देतच नाहीत. त्यावर आपल्या बाजूने करण्यासारखे काही नाही, असे तिला सांगितले.